बेडकुळी आणि दोन डोकी

आमच्या जिन्याखालचा इस्त्रीवाला उजव्या दंडात कसलीशी सुई टोचून घेतो, अशी बातमी इमारतभर फिरली होती. फिरवण्यात माझाही वाटा होता, नाही कशाला म्हणू? एक दंड भोपळ्याएवढा आणि दुसरा दोडक्यासारखा. शेजाऱ्यांनी करायचं तरी काय? पण सुईबिई काही नव्हती. सव्वीस वर्षं सात किलोची कोळशाची इस्त्री त्याच एका हाताने उचलायची आणि ठेवायची. डावा हात नुसता सुरकुत्या ताणायला.

माणूस मात्र महातिरसट. "झाले का कपडे?" विचारलं की "झाले असते तर हाक मारली नसती?" असा अंगावर येणार.

पहिल्या मजल्यावर व्यायामशाळा निघाली आणि त्याला शेरास सव्वाशेर भेटला. व्यायामशाळेच्या मास्तरांना जिन्याखाली बुटांचं कपाट हवं होतं. त्यांनी सोसायटीच्या सेक्रेटरींचे कान भरले: धुराने भिंत काळी झाली, याला हलवा. हलवून जाणार कुठे? रस्त्यावरच्या धुळीत टेबल मांडलं, तर धुतलेले कपडे देणार कोण?

सोमवारी सकाळी सेक्रेटरी जागा सोडायची नोटीस घेऊन खाली आले. तेही बनियनवर, कारण ऑफिसचा आकाशी शर्ट टेबलावरच होता. मागोमाग मास्तर. मीही गेलो, काम काहीच नव्हतं.

"एका हाताची बेडकुळी मिरवतोय! याला काय ताकद म्हणतात?" मास्तर म्हणाले.

"मग हे घ्या, मिरवा," म्हणत इस्त्रीवाल्याने इस्त्री पुढे सरकवली.

मास्तरांनी ती तीनदा छातीपर्यंत उचलली, दंड फुगवला, इस्त्री टेबलावरच्या आकाशी शर्टावर टेकवली आणि आमच्याकडे वळले.

"आणि बेडकुळी काय? बायसेप्स म्हणा! लॅटिन शब्द आहे. बाय म्हणजे दोन, सेप्स म्हणजे डोकं. हा स्नायू वर खांद्याशी दोन टोकांनी जोडलेला असतो, म्हणून दोन डोक्यांचा."

"आई म्हणायची, हात मुडपला की कातडीखाली बेडूक टुणकन वर येतो, म्हणून बेडकुळी," इस्त्रीवाला म्हणाला. "तिला डोकी मोजायला वेळ नव्हता."

"अडाणी!" म्हणत मास्तर दुसरा दंड दाखवू लागले.

वास मला आला होता. इस्त्रीवाल्याला तर माझ्याआधीच. दोघंही गप्प राहिलो.

सेक्रेटरींनी झडप घालून इस्त्री उचलली, तेव्हा खिशाच्या जागी तिचा तपकिरी ठसा उमटला होता, अगदी टोकासकट. त्यांनी नोटिशीचे चार तुकडे केले आणि मास्तरांच्या हातात कोंबले.

"बूट घरी ठेवा! रोजचे शर्ट काय तुमच्याकडे देऊ?"

मास्तर इस्त्रीवाल्यावर उखडले. "दिसत होतं ना तुला? मुद्दाम बोलला नाहीस!"

इस्त्रीवाला म्हणाला, "दोन डोकी आहेत म्हणालात ना, मास्तर. मला वाटलं, एक तरी शर्टाकडे बघत असेल."