पोपटीबाई आंघोळ घालतात तेव्हा

देवळाली कॅम्पातल्या त्या गल्लीत कुणा घरचं बाईमाणूस गेलं, की नातेवाइकांच्याही आधी निरोप जाई तो पोपटीबाईंना. त्या चष्म्याला दोरी बांधत, ओढणी कमरेला खोचत यायच्या. आत जाऊन दार लावून घ्यायच्या. मग अंगणातल्या पुरुषांचा जीव टांगणीला लागायचा. तिरडी तयार, गुरुजी घड्याळाकडे बघतायत, खुर्च्यांवर चुळबुळ सुरू, आणि दार मात्र दोन-दोन तास बंद.

"आंघोळ घालतायत की बोहल्यावर उभी करतायत?" कुणीतरी पुटपुटायचं.

"तोंड एक्स्प्रेस आहे हो बाईचं. हात मालगाडी."

यावर आतून पोपटीबाईंचा आवाज यायचा. सिंधमधल्या शिकारपूरहून आलेली आणि पंचाहत्तर वर्षं देवळालीत मुरलेली त्यांची मराठी: "घाई कुनाला आहे रे? तुझ्यासाठी पन मी असाच सावकास येनार, बस!"

मंजुषाला हे सगळं बाहेरून पाठ होतं. ती त्यांची सून. पंचवटीतल्या भाजीवाल्याची मुलगी, बावीस वर्षांपूर्वी हरेशशी लग्न करून या घरात आली. दुसऱ्याच दिवशी सासूने तिच्यापुढे मेथी टाकली आणि कपाळाला हात लावला. "अडी, भाजीवाल्याची मुलगी ना तू? पानं कमी, काड्या जास्ती!" मंजुषा रडली. संध्याकाळी तीच भाजी पोपटीबाईंनी शेजारच्या आजारी बाईकडे नेली आणि सांगितलं, माझ्या सुनेने केली, गल्लीत असा हात कुनाचा नाही.

मढ्याची मात्र मंजुषाला लहानपणापासून दहशत. सासू कुठे आंघोळ घालायला गेली, की ती त्या घरच्या स्वयंपाकघरात पाणी तापवायची, बादली उंबऱ्यापाशी ठेवायची आणि तोंड फिरवायची.

"बघा माझी शूर सून," पोपटीबाई म्हणायच्या. "जिवंत सासूला घाबरत नाही, मेलेल्या शेजारनीला घाबरते."

हे काम त्यांनी का धरलं, ते त्यांनी एकदाच सांगितलं, पापड लाटता लाटता. फाळणीनंतर कराचीहून बोटीने मुंबई, तिथून आगगाडीने इथे. लष्कराच्या बराकीत गोणपाटाचे पडदे लावून एकेका खोलीत चार-चार कुटुंबं. बाप कामाच्या शोधात मुंबईला गेलेला. आईला जुलाब लागलेले. सात वर्षांच्या पोपटीला आईने डबा देऊन दुधाच्या रांगेत पाठवलं आणि बजावलं, नंबर सोडू नकोस. पोपटीने नंबर सोडला नाही. दूध घेऊन आली तेव्हा खाट रिकामी होती. त्या दिवशी गेलेल्या सगळ्यांना लॉरीत घालून दारणा नदीवर जाळायला नेलं होतं. खाटेवरची चादरसुद्धा नेली होती.

"मग दुधाचं काय केलं?" मंजुषाच्या तोंडून निघून गेलं. विचारल्यावर तिची तिलाच लाज वाटली.

"भावाला पाजला. नासला असता ना, पुट." आणि पोपटीबाईंनी पुढचा पापड लाटायला घेतला.

बरीच वर्षं मंजुषा समजत होती, आईला कुणी आंघोळ घातली नाही म्हणून ही जगभरच्या बायकांना घालते. मग गल्लीतल्या रावजींची बायको गेली. त्यांचा मुलगा पुण्याहून निघालेला. पोपटीबाई रिकामी बादली घेऊन स्वयंपाकघरात आल्या आणि हळूच म्हणाल्या, "पोरगा कुठवर आला?"

"सिन्नर."

पोपटीबाईंनी चुलीवरचं कढत पाणी उचललं आणि सरळ मोरीत ओतलं. मग मोठ्याने ओरडल्या, "काय तापवते तू, पानी की बर्फ? दुसरं ठेव!"

मंजुषाने दुसरं पाणी ठेवलं, आणि तेव्हा तिला उमगलं. म्हातारीचे हात मालगाडी नव्हते. आत बाई उघडी असताना दार लोटायची कुणा पुरुषाची टाप नव्हती, आणि तेवढ्या आडोशाने ही वाटेवरच्या माणसाला वेळ मिळवून देत होती.

डिसेंबरात एका सकाळी सहाला पोपटीबाई गेल्या. चहा मागितला आणि येईपर्यंत थांबल्या नाहीत. लेक रेश्मा इंदूरला. ती आठला गाडीने निघाली, पण सेंधव्याच्या घाटात ट्रक उलटलेला. दुपारी दोनला फोन आला तेव्हा ती जेमतेम घाट उतरली होती.

सिंधी पंचायतीचे प्रमुख, मुखी टहलरामदास अंगणात काठी आपटत उभे होते. "हरेश, बहिणीचं दुःख मला कळतं. पण सूर्य कुणाच्या बापाचा नोकर आहे काय? मावळला की अग्नी नाही. उद्या अमावास्या. साडेचारला उचलायचं म्हणजे उचलायचं."

"थोडं थांबलो तर, चाचा..." हरेश म्हणाला.

"थोडं म्हणजे किती? लिहून दे!"

हरेश कुणालाच लिहून देणारा माणूस नव्हता.

दारात बायका जमल्या होत्या. आत मात्र कुणी जाईना. "पोपटीबाईनं लय जणींना धाडलं," शेजारच्या बयाबाई डोळे पुसत म्हणाल्या, "आता तिला कोन धाडायचं? आपल्याला तर कायबी येत नाय." इतकी वर्षं पोपटीबाई होत्या, म्हणून कुणी शिकलंच नव्हतं. रेश्मा यायच्या आत आईला उचललं, तर तिच्यासाठीही रिकामी खाट उरणार होती.

"मी घालते," मंजुषा म्हणाली. "एकटीच."

साडेतीनला तिने आतून कडी लावली. मग दहा मिनिटं नुसती स्टुलावर बसून राहिली. शेवटी टाचेला हात लावला. इतकं गार काही तिने आजवर धरलं नव्हतं. तरी तिने पहिलं बोट धुतलं, मग दुसरं. बाहेर फोन वाजला, मग दाराशी येऊन हरेश हलक्या आवाजात म्हणाला, "मालेगाव."

मंजुषाने गुडघ्यापर्यंत धुतलं. मग ओरडली, "पाणी थंड झालं! दुसरं द्या!"

"चांदवड."

हात ताठरले होते. कुडत्याची बाही चढेना. तिने रेटून पाहिलं, खांद्यात काहीतरी कटकन वाजलं आणि ती भिंतीला जाऊन टेकली. "माफ करा, अम्मा, माफ करा," म्हणत तिने कात्री घेऊन बाही उसवली. अंगावर चढवून पुन्हा शिवताना चार टाक्यांत भागलं असतं, तिने वीस घातले. केस धुतले, विंचरले, वेणी घातली. वेणी सोडून पुन्हा धुतले. साडेचार केव्हाच वाजून गेले.

"ओझर," हरेश म्हणाला. त्याच्यामागून काठीचा ठोका दारावर आला.

"सुनबाई! पाच वाजून गेले! सासूचीच सवय लागली काय? हरेश, कडी काढायला सांग, नाहीतर दार तोड!"

पोपटीबाई धुतलेल्या, पांढऱ्या कपड्यांत, गळ्यापर्यंत झाकलेल्या होत्या. करायला काही म्हणजे काही उरलं नव्हतं. मंजुषा दाराला पाठ लावून उभी राहिली.

"मुखीसाहेब," ती म्हणाली, "अम्मा उघडी आहे."

बाहेर खुर्च्या मागे सरकल्याचे आवाज आले, एक, दोन, तीन.

पावणेसहाला गाडीचं दार आपटलं. रेश्मा चपलांसकट धावत आली. मंजुषाने कडी काढली, तिला आत घेतलं आणि पुन्हा लावली. रेश्माने आईच्या डोक्याला हात लावला आणि भडकलीच.

"केस ओले ठेवलेस? डिसेंबरात? सर्दी होते तिला, माहीत नाही तुला?"

मंजुषाने पंचा तिच्या हातात दिला आणि बाजूला सरली. झरोक्यातलं ऊन भिंतीवर पार वर चढून लाल झालं होतं. रेश्मा खाटेवर टेकली, आईचं डोकं मांडीवर घेतलं आणि एकेक बट पुसायला लागली.

"दोन मिनिटं," बाहेरून मुखी म्हणाले, आणि काठी भिंतीला टेकवून ठेवल्याचा आवाज आला.