कुलपाआड बंद पडणारा कॉम्प्रेसर

ती घटना आठवली की मी आजही एकटाच हसत बसतो. घरच्यांनी कारण विचारणं आता सोडून दिलं आहे. खून, दरोडे, फरारी यांच्या मागे मी पुष्कळ धावलो. पण ज्या गुन्ह्यात आरोपीच सापडेना आणि गुन्हा मात्र माझ्या डोळ्यांदेखत घडला, असा गुन्हा तो एकच.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. मी पारनेर भागातल्या एका ठाण्यात उपनिरीक्षक होतो. संगमनेरच्या एका खासगी डेअरीचे मालक फिर्याद घेऊन आले. आमच्या हद्दीत त्यांचं दूध शीतकरण केंद्र होतं. सकाळी गावोगावचं दूध तिथे टाकीत पडायचं, कॉम्प्रेसर ते गार करायचा आणि दुपारी टँकर घेऊन जायचा. पण अधूनमधून कोणीतरी कॉम्प्रेसर बंद करत होतं आणि टाकीच्या टाकी नासत होती. कधी सोमवारी, कधी गुरुवारी, कधी दोन आठवडे काहीच नाही.

"संशय कोणावर?" मी विचारलं.

"ऑपरेटरवर. दुसरा कोण? किल्ली त्याच्याकडेच असते."

केंद्राशेजारच्या चहावाल्यानेही हीच खबर दिली. मालकांनी केंद्रात नुकताच एक डबा बसवला होता. त्या डब्यामुळे संगमनेरात बसून इथला कॉम्प्रेसर चालवता येणार आणि एक माणूस कमी होणार, अशी बोलवा होती. ऑपरेटर चारचौघांत म्हणाला होता, "ह्ये डबडं एक दिस हिरीत टाकतो का न्हाई बघा!"

हेतू मिळाला, किल्ली मिळाली. आमच्या हवालदारांनी तर बेडी पुसून ठेवली.

ऑपरेटरला जबाबासाठी बोलावलं. माणूस चाळिशीचा, हाताला ग्रीसचा वास.

"बोल्लो हुतो सायेब. लई बोल्लो. पन हात न्हाई लावला. दूध घेतो, मशीन चालू करतो, कुलूप लावतो आन आंघोळीला घरी जातो. दुपारच्याला परत येतो तर बंद!"

"मग बंद कोण करतं? भूत?"

"आता तुमीच म्हनताय तर..."

हवालदारांनी लगेच मान डोलावली. त्यांना भूत पसंत होतं. भुताला अटक करावी लागत नाही.

तेवढ्यात ऑपरेटरची बायको जेवणाचा डबा घेऊन आली. दारातूनच कडाडली, "घरातलं दूध उतू गेलं तरी ह्यांला पत्ता नसतो, आन ह्ये कट करत्यात व्हय? नोकरी गेली तर पोरींची शाळा सुटंल सायेब, मंग तुमच्याच दारात आनून बसवीन दोघींना!"

यावर भारतीय दंड संहितेत उत्तर नाही. मी अटक लांबवली आणि डबा बनवणाऱ्या इंजिनिअरला संगमनेरहून बोलावून घेतलं.

तो आला आणि माझा होता तो गोंधळ दुप्पट झाला.

"साहेब, या डब्यात एक छोटा वेब सर्व्हर आहे. आत एक पान आहे. ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून फोन लावला की ते पान तिकडे दिसतं."

"पान आत आहे, तर काढून दाखवा."

"काढता येत नाही. ते कागदाचं नाही."

"म्हणजे मुद्देमाल जप्त करता येत नाही?"

"डबा करता येईल. पान इथेही आहे आणि तिथेही आहे."

हवालदार पंचनामा लिहीत होते. त्यांनी पेन खाली ठेवलं. "साहेब, पंचांना मी काय सांगू?"

एवढं मात्र मला कळलं की त्या पानावर दुधाचं तापमान दिसतं, आणि चालू-बंद अशी दोन बटणं असतात. फोनचा नंबर आणि परवलीचा शब्द दोघांनाच माहीत: इंजिनिअर आणि मालक.

पोलिसाला एक गोष्ट चांगली जमते: गप्प बसणं. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध भरल्यावर मी, हवालदार, ऑपरेटर आणि इंजिनिअर केंद्रातल्या कॉम्प्रेसरच्या खोलीत आतून कडी लावून बसलो. मालकांना काही कळवलं नाही. त्या दिवशी कॉम्प्रेसर गुणी बाळासारखा चालला. हवालदार म्हणाले, "चोराला बसवून चोरीची वाट बघतोय आपण."

पुढच्या सकाळी पुन्हा बसलो. ऑपरेटरने दोन्ही हात मांडीवर ठेवले होते, आम्हाला दिसतील असे. आणि अचानक डब्यातून किंचाळल्यासारखा आवाज आला. "फोन लागला," इंजिनिअर म्हणाला. पाठोपाठ खट्ट! कॉम्प्रेसर थांबला. चौघे एकमेकांच्या हातांकडे बघतोय!

"सायेब," ऑपरेटर हळूच म्हणाला, "आता म्हना, म्या केलं."

त्याला मशीन पुन्हा सुरू करायला सांगितलं आणि इंजिनिअरला घेऊन जीप थेट संगमनेरला. परवलीचा शब्द जाणणारे दोघे. त्यातला इंजिनिअर तर माझ्याशेजारीच कडी लावून बसलेला. उरला फिर्यादी! स्वतःचं दूध स्वतःच नासवणारा माणूस मी पाहिला नव्हता. विम्यापासून भाऊबंदकीपर्यंत सगळं डोक्यात फिरवलं. एकही धागा बसेना.

मालक पाहुण्यांना चहा पाजत होते. माझा प्रश्न ऐकून उखडले. "मी? मी फक्त बघितलं! हे पाहुणे आले, त्यांना पान दाखवलं. तापमान बघितलं, बंद केलं कॉम्प्युटर. बटणाला शिवलोसुद्धा नाही!"

पाहुण्यांनी साक्ष दिली. खरंच शिवले नव्हते.

आता खरा गोंधळ. मी म्हटलं, "सांगू नका. कसं बघितलंत ते करून दाखवा."

मालकांनी माउस धरला, जपून ठेवलेल्या पानांच्या यादीतलं पहिलं नाव दाबलं. फोन किंचाळला, पान आलं. इंजिनिअर वाकला. पानाच्या वर जो पत्ता लिहिलेला असतो, तो त्याने वाचला आणि त्यातल्या शेवटच्या शब्दावर बोट ठेवलं: 'ऑफ'.

उद्घाटनाच्या दिवशी, इथे बसून तिथलं मशीन थांबवता येतं हे दाखवायला, प्रमुख पाहुण्यांच्या हातून 'बंद' बटण दाबून टाळ्या घेतल्या होत्या. नारळ-शाल आटोपल्यावर मालकांनी हौसेने तेच पान जपून ठेवलं. पण इंजिनिअरने पानं अशी बनवली होती की बटणाचा हुकूम पत्त्यातच लिहिला जायचा. ते पान उघडणं म्हणजेच पुन्हा 'बंद' म्हणणं! एरवी मालक केंद्राला साधा फोन करून विचारत. पान उघडायचे ते फक्त पाहुणे आले की. आणि मशीन बंद असल्याची खूण होती कोपऱ्यातलं एक बारीक शून्य. ते कोण बघतो? गार दुधाचा आकडा बघून सगळे वा वा करत. तिकडे दूध नासत होतं.

मी न्यायालयात 'क' समरी पाठवली: गैरसमजातून दाखल झालेला गुन्हा. इंजिनिअरने आपली पानं बदलली. पान उघडणं वेगळं आणि हुकूम देणं वेगळं केलं.

या प्रकरणाने मला एक शिकवलं. मारामारी असो की दंगल, प्रत्येक जण म्हणतो, "साहेब, मी फक्त बघत होतो." पूर्वी मी ते खोटं समजून सोडून द्यायचो. नंतर मी म्हणू लागलो, "कसं बघत होतास, उभा राहून दाखव." निम्मे तपास तिथेच सुटले. कारण माणूस सांगताना जे गाळतो, ते करून दाखवताना त्याच्या हातून आपोआप होतं. खोटारड्याच्याही आणि खऱ्याच्याही.

कोडं सुटलं त्याच दुपारी मी मालकांना जीपमध्ये घालून केंद्रावर नेलं होतं. ऑपरेटर टाकी धूत होता. मालक टाकीपाशी गेले आणि म्हणाले, "तुझी नोकरी कुठे जात नाही. चूक माझ्याकडून झाली."

ऑपरेटरने पाईप बंद केला. हात पुसले. म्हणाला, "मालक, फुडच्या टायमाला पावनं आलं का त्यांना हिकडंच धाडा. दूध म्या दावतो."