धुराड्यातल्या पाकोळ्या

उन्हाळ्यात शेजारचं गुऱ्हाळ बंद झालं की त्याच्या धुराड्यात पाकोळ्या राहायला येतात. पिसं नि काड्या थुंकीनं चिकटवून आतल्या भिंतीला घरटी करतात. तारेवर बसलेली पाकोळी मी कधी पाहिली नाही. तिचे पाय उभ्या भिंतीला धरून लटकण्यापुरतेच असतात.

काल एक अंगणात पडली. गुऱ्हाळवाल्या शांताकाकूंनी तिच्यापुढे पाण्याची वाटी आणि मूठभर तांदूळ ठेवले. ती उडते किडे खाणारी. तांदळाकडे तिनं पाहिलंही नाही. पंख पसरून फरशीवर नुसती सरपटत राहिली.

"बरंच लागलंय हिला," काकू म्हणाल्या.

तेवढ्यात मांजर आलं, म्हणून त्यांनी तिला उचलून हात उंच धरला. पाकोळी तळहातावरून खाली झुकली आणि उडाली. तिला काही झालंच नव्हतं. जमिनीवरून तिला उठता येत नव्हतं, एवढंच. माणसाची माया मात्र वाटी घेऊन जमिनीवरच बसते.

तिन्हीसांजेला धुराड्याभोवती घिरट्या सुरू झाल्या.

"यातली आपली कुठली हो?" काकूंनी विचारलं.

मी मान वर करून पाहिलं. सगळ्या सारख्याच दिसत होत्या, आणि एकही खाली बघत नव्हती.