एका मुलीचे तीन नंबर

“क्या रे मुन्शी, डाक्टर तू है क्या मैं? हाथ जोड के साब से माफी मांग.”

भरल्या रांगेसमोर मोठे डॉक्टर मला म्हणाले. काचीगुड्यातला खासगी दवाखाना. मी खिडकीवर केसपेपर काढणारा कारकून. वय बेचाळीस. माझा गुन्हा एवढाच, की मुलीचा चेहरा ओळखून मी तिच्या बापाला विचारलं, “साब, ये तीसरी बार है ना?”

मुलगी सहा वर्षांची. उजवा हात मोडलेला, ओढणीच्या झोळीत बांधलेला. कारण सांगितलं, जिन्यावरून पडली. बाप ठेकेदार. दवाखान्याची नवी काचेची इमारत त्यानंच बांधलेली. संशयाची जखम दिसली की पोलिसांना कळवायची वही डॉक्टरांच्या टेबलावर होती. ती कुणी उघडली नाही.

मी हात जोडले. घरी माझ्याही दोन मुली. पगार एक.

ती माझ्याकडे बघत होती. माझं बघून तिनंही बापापुढे हात जोडायला घेतले. मोडलेला हात वर येईना. रांगेत कुणीतरी हसलं.

माझे हात खाली आले.

जेवणाच्या सुट्टीत रेकॉर्डच्या खोलीत गेलो. आमची पद्धत अशी: कार्ड हरवलं म्हणाले, की जुना कागद शोधायचा नाही, नवा नंबर द्यायचा. रांग लवकर सरते. चार महिन्यांत तिला तीन नंबर मिळालेले. कपाळ फुटलं. पाठ भाजली. आता हात. कागदोपत्री तीन वेगळ्या मुली. तिन्हीवर अक्षर माझं. आकड्यात चुकत नाही म्हणून मी मिरवायचो.

तिन्ही कागद एका दोऱ्यात ओवले. प्रत्येकावर बाकीचे दोन नंबर लाल शाईनं लिहिले आणि डॉक्टरांपुढे ठेवले.

“साब, पुलिस की किताब में आप लिखो. नै तो मैं ये तीन नंबर ले के ठाने जातूं.”

“नौकरी जाएगी.”

“जाने दो साब.”

त्यांनी वही उघडली नाही. मी ठाण्यावर गेलो. जमादारानं तासभर उभं ठेवलं, मग नंबर लिहून घेतले. जमादाराला घेऊन परतलो तोवर प्लास्टर झालं होतं आणि बाप तिला घेऊन गेला होता. कागदावरचा पत्ता घेऊन जमादार निघाला. पुढचं मला कुणी सांगितलं नाही. नोकरी संध्याकाळीच गेली.

आता चिक्कडपल्लीत दुसऱ्या दवाखान्याच्या खिडकीवर बसतो. कुणी लेकराचं कार्ड हरवलं म्हणालं, तर जुना कागद शोधल्याशिवाय नवा नंबर देत नाही. मागून रांग ओरडते.

ओरडू दे. हात जोडणार नाही.