थांब म्हणेल त्याने वाचायचं

हिमायतनगरच्या एका कॅफेत मी तिकीट काढून माणसांशी बोलायला गेले होते. ऑफिसातली मैत्रीण घेऊन गेली. दारातल्या बाईने आमचे फोन कापडी पिशवीत घालून बंद केले आणि सांगितलं, आता दोन तास पडदा नाही, फक्त माणसं. तीसेक जण होते. पत्ते खेळलो, अनोळखी माणसांना प्रश्न विचारले, पोट धरून हसलो. मजा आली, खोटं कशाला बोलू? मी मुळातच बोलकी. बसथांब्यावर दोन मिनिटं उभी राहिले तरी शेजारच्या बाईला किती नातवंडं आहेत ते मला कळलेलं असतं. पण शेवटी एकजण उठून म्हणाला की अशी कल्पना या शहरात आजवर कुणाला सुचलीच नव्हती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझं डोकं फिरलं.

अंबरपेठेत, आमच्या वस्तीच्या विहारात, दर रविवारी दहा ते बारा हेच चालत आलं होतं, माझ्या जन्माच्या आधीपासून. बिनतिकिटाचं.

बाबा नांदेडहून नोकरीसाठी इथे तेलुगू मुलखात आले तेव्हा त्यांच्या पत्र्याच्या पेटीत कपड्यांपेक्षा पत्रकं जास्त होती. जातीवरची, मजुरीवरची, मुलींच्या शाळेवरची. त्याच पिवळ्या कागदांवर बोट ठेवून मी वाचायला शिकले. रविवारी विहारात सतरंजी पडायची आणि एकजण पत्रक मोठ्याने वाचायचा. नियम एकच. कळलं नाही किंवा पटलं नाही तर ‘थांब’ म्हणायचं. समोर आजोबांच्या वयाचा माणूस वाचत असला तरी ‘थांब’च. मग वाद व्हायचा, आणि वाद निवला की पुढचं त्याने वाचायचं ज्याने थांबवलं. एकेक पान दोन-दोन रविवार पुरायचं. माझा सगळा धीटपणा त्या सतरंजीवरचा आहे.

गेल्या काही वर्षांत माणसं गळत गेली. बाबांची नजरही गेली, काचबिंदूने. आता त्यांना उजेड आणि सावली एवढंच कळतं. आठवड्यातून एकदाच ते घराबाहेर पडतात, त्या दोन तासांसाठी. आणि नेमके तेच दोन तास विहाराच्या कमिटीने टीव्हीला द्यायचं ठरवलं.

कमिटीचे काका आबिड्सच्या पोस्टातून रिटायर झालेले. माणूस चांगला, पण नव्या वस्तूपुढे विरघळणारा. मला म्हणाले, “अगं, मोठा टीव्ही घेतलाय. भाषणं लावू. तुम्ही चार जण बसता, त्याला काय सभा म्हणायचं?”

“आणि बाबांनी काय करायचं?”

“त्यांना ऐकू येतं की. आवाज वाढवू, हौ!”

बाबा बाजूलाच बसले होते. म्हणाले, “टीव्हीला मला थांब म्हणता येत नाही.”

काकांनी डोकं खाजवलं. मग म्हणाले, “बरं. येत्या रविवारी वीस माणसं आण. आणलीस तर तुझे दोन तास तुला.”

मी काय केलं? जे मला येतं तेच. पत्रक काढलं. ‘बंधूंनो, भगिनींनो! पडद्याने आपली जीभ चोरली आहे!’ इथून सुरुवात, लगेच ‘दोन तास फोन पिशवीत टाका’, आणि पुढे दोन्ही बाजू गच्च भरलेल्या. घरोघर वाटलं. वस्तीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला. अंगठ्यांचा नुसता पाऊस. ‘एकदम जबरदस्त’, ‘काय लिहिलंय’. मी हुरळले.

रविवारी चोवीस माणसं आली. बरीच तरुण, नोकरी करणारी. काकांनी दोनदा मोजली. मी उभी राहिले आणि माझंच पत्रक वाचायला घेतलं. पहिला परिच्छेद झाला. कुणी थांबवलं नाही. दुसरा झाला. सगळे सतरंजीच्या दशा ओढत बसलेले. मी मुद्दाम चुकीची वाक्यं घुसवली, लहान मुलानेही भांडावं अशी. तरी शांतता.

मग मी फुटले. “कशाला आलात? ग्रुपवर अंगठे दाखवायला लाज वाटत नाही, आणि इथे एक शब्द तोंडातून निघत नाही? बाहेर लोक तिकीट काढून बोलतात! तुम्हाला फुकट मिळतंय म्हणून नको झालंय. लावा टीव्ही, तोच तुमच्या लायकीचा आहे!” आणखीही बरंच बोलले. ते इथे लिहीत नाही, पण विसरलेही नाही.

“थांब,” बाबा म्हणाले.

मी थांबले. त्यांनी हात पुढे केला. नियम म्हणजे नियम, कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला आणि तसाच धरून बसले. मग म्हणाले, “मला तर दिसत नाही. कुणाला दिसतं?”

आबिड्सला मोबाइलच्या दुकानात काम करणारी एक मुलगी पुढे सरकली. अठरा-एकोणीसची असेल. बाबांना म्हणाली, “दिसतं काका, पण वाचता येत नाही नीट. शाळेत तेलुगू होतं, इंग्लिश होतं. हिंदी थोडं. अक्का, तुमचं पत्रक मी फक्त फोटो बघून लाइक केलं. सगळ्यांनीच.” ती माझ्याकडे वळली. “इथे थांब बोललं की वाचायला लागतं ना? म्हणून कुणी नाही बोललं. सबके सामने इज्जत का फालूदा कायकू करना?”

मागून कुणीतरी खुदकन हसलं. पण मान कुणीच वर केली नाही.

मला इतका राग कधी आला नव्हता, आणि या वेळी तो माझाच मला आला होता. ज्यांना मराठी वाचता येत नाही त्यांना मी दोन्ही बाजू भरून मराठीत बोलावलं. आमच्या ज्या नियमाचा मला गर्व, त्याच नियमाने त्यांचं तोंड बांधलं. आणि वर मी त्यांची लायकी काढली.

बाबांनी तिला जवळ बसवलं. “पहिल्या वाक्यापासून एकेक अक्षर सांग. शब्द मी जोडतो.”

“प. ड. मग द खाली य लटकलाय...”

“पडद्याने. पुढे?”

एका ओळीला दहा मिनिटं लागली. चौथ्या ओळीवर एका ॲम्ब्युलन्स ड्रायव्हरने थांब म्हटलं. “ताई, आमचा फोन पिशवीत टाकला तर पेशंट मरेल ना! हे पटलं नाही.” आणि कागदासाठी हात पुढे केला. अक्षरं त्याने सांगितली, शब्द बाबांनी जोडले. बारा वाजून गेले तरी आम्ही पहिल्या परिच्छेदातच होतो. घसा ताणून मी त्याच्याशी भांडले, आणि हरले.

जाताना मी सगळ्यांची माफी मागितली. सगळ्यांनी दिली नाही. ते बरोबरच होतं.

काकांनी शब्द पाळला, दोन तास आमचे राहिले. पण टीव्हीही आला आणि समोरच्या भिंतीवर बसला. पुढच्या रविवारी आम्ही सतरंजी फिरवून घातली, टीव्हीकडे पाठ करून. सोळाच जण होते. वाचन रंगात आलं असताना मागे एकदम आवाज सुरू झाला. काका रिमोट हातात घेऊन उभे. “जरा बघत होतो, चालतो की नाही.”

मी तोंड उघडायच्या आत ती मोबाइलच्या दुकानातली मुलगी उठली, भिंतीतला प्लग उपटला आणि पत्रक काकांच्या हातात दिलं.

“बैठो काका. तुम्ही थांबवलं, आता तुम्ही वाचा.”