समुद्रचित्रापाशी पहाऱ्यावरच्या बाई

युरो नुकता सुरू झाला होता, तेव्हा मी बॉनला पीएचडी करत होतो आणि रविवारी संग्रहालयात जायचो. तिथे एका इम्प्रेशनिस्ट समुद्रचित्रापाशी पन्नाशीच्या एक बाई पहाऱ्यावर असायच्या. लोक चित्रातल्या छत्रीवाल्या शहरी बायका बघत राहिले, की त्या कडेला जाळी ओढणाऱ्या कोळिणींकडे बोट दाखवायच्या.

"हॉटेलं आली आणि यांचा किनारा गेला. माझी पणजी यांच्यातलीच."

पहाऱ्यावर बोलायचं नाही, अशी लेखी ताकीद त्यांना मिळाली होती.

"नोकरी गेली तर?" मी एकदा विचारलं.

"चित्रकाराने या कोळिणींना चित्रात जागा दिली. मी गप्प कशी बसू?"

पुढच्या महिन्यात त्यांना खाली, पाहुण्यांचे कोट सांभाळायच्या कामावर पाठवलं. मी गेलो, तेव्हा प्रत्येकाचा कोट घेता घेता बाई कोळिणींची हकिकत सांगत होत्या. तिथे बोलायला मनाई नव्हती.