कृष्णातची पोरगी आणि पाळणाघराचं कुलूप

निपाणीत आमच्या मालकाला लोक देवमाणूस म्हणत. म्हणणारे बहुतेक त्याच्या ओसरीवर फुकट चहा पिणारे असत. सत्याहत्तर साली मी त्याच्या तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होतो. हजेरी माझ्याकडे, पत्रव्यवहार माझ्याकडे, आणि जे काही खोटं लिहायचं असेल तेही माझ्याकडेच. माझं अक्षर वळणदार होतं आणि कणा नव्हता. असा माणूस वखारीत फार टिकतो.

वखारीच्या मागच्या अंगाला एक खोली होती. दारावर कन्नडमध्ये आणि इंग्रजीत पाटी होती, पाळणाघर म्हणून. तीसपेक्षा जास्त बायका कामाला असल्या की त्यांच्या लहान पोरांसाठी अशी खोली ठेवायची, असा कायदा. आमच्याकडे तंबाखू चाळायला साठ बायका होत्या. खोलीत चार पाळणे होते आणि त्यांत मालकाच्या मळ्यातले आंबे पिकत. एरवी दाराला कुलूप. पोरं होती ती माझ्या रजिस्टरात. बारा पोरं मी मनानंच जन्माला घातली होती, त्यातली सहा नावं माझ्या सासुरवाडीची. पहिल्या तारखेलाच मी महिनाभराची हजेरी भरून टाकायचो, त्यामुळे आमची पोरं रविवारीसुद्धा हजर असत. आया मात्र खरी होती. नागुबाई. हजेरीपटावर ती पाळणाघरात होती आणि प्रत्यक्षात मालकाच्या बंगल्यावर त्याचा नातू खेळवत होती.

याच वखारीत कृष्णात काट्यावर होता. पोती तोलायची आणि वजन ओरडून सांगायचं. तेवढं ओरडणं सोडलं तर माणूस दिवसभर तोंड उघडायचा नाही. मूळचा कंग्राळीचा, पण आमच्याच गल्लीत, माझ्या घराला भिंत लावून राहायचा. त्याच्या बायकोला, राजाबाईला, टीबी निघाला. डॉक्टरांनी तिला बेळगावाकडच्या दवाखान्यात ठेवून घेतलं आणि सांगितलं, वर्ष तरी लागेल. मागं राहिली दोन वर्षांची पोरगी. आजीचं नाव ठेवलेलं, अक्काताई. नाव पोरीपेक्षा साठ वर्षांनी मोठं.

आता ही पोरगी सकाळी आठ ते संध्याकाळी सहा कुणी सांभाळायची? आमची गल्ली मोठी धार्मिक. भजनाला अर्धी रात्र टाळ कुटणारी माणसं. राजाबाईच्या हातची पुरणपोळी सगळ्यांनी खाल्लेली. पण कृष्णात पोरीला कडेवर घेऊन दारोदार गेला तेव्हा कुणाची सून बाळंतपणाला आली होती, कुणाच्या गुडघ्यात कळ होती. टीबीचं नाव कुणी काढलं नाही, एवढी सभ्यता पाळली. एक बाई तयार झाली, तर तिनं त्याचा अर्धा पगार मागितला. माझ्या दारात तो आला तेव्हा मी आत हिशेब लिहीत बसलोय असं दाखवलं. माझ्या बायकोनं दाराची एक फळी लावून घेत सांगितलं, "आमच्यात जागा न्हाय हो भाऊजी." आमच्यात तीन खोल्या होत्या आणि माणसं दोन.

मग कंग्राळीहून त्याचा थोरला भाऊ मष्णू आला. त्याला मूलबाळ नव्हतं. कृष्णातच्या घरात बसून तो एवढ्या मोठ्यानं बोलत होता की भिंतीपलीकडे मला शब्दन् शब्द ऐकू येत होता.

"पोरगी मी न्हेतो. पण सांभाळून परत द्यायची धर्मशाळा न्हाय माझ्याकडं. दत्तकच दे. कागद करू."

"अण्णा, तिची आई माघारी येणार हाय."

"आलीच तर म्हनाव दुसरं बघ. दसऱ्याला येतो. तवर सोय झाली तर ठेव, न्हायतर पोरीची कापडं बांधून ठेव."

सख्खा भाऊ. दसऱ्याला दीड महिना होता.

कृष्णात पोरीला कामावर आणायला लागला. काट्यामागं पोत्यावर बसवायचा. वखारीतली तंबाखूची धूळ मोठ्या माणसाच्याही नाकातोंडात भरते. चौथ्या दिवशी पोरीला तंबाखू लागली, ती ओकली आणि मान टाकून पडली. शेजारी चाळायला बसणाऱ्या तानुबाईनं तिला ताक पाजून उठवलं. तानुबाईला तेव्हा तीन नातवंडं होती आणि तोंडात पाच दात.

त्या संध्याकाळी कृष्णात ओसरीवर आला. मालक, चहावाले चार भगत आणि मी, एवढे होतो.

"मालक, मागली खोली मोकळीच हाय. पोरगीला तितं ठिवली तर चालंल काय?"

मालकानं पान लावता लावता माझ्याकडं पाहिलं. "दिवाणजी, कायदा काय म्हणतो?"

"कामावरच्या बायकांची पोरं," मी म्हणालो.

"ऐकलास? बायकांची. तू बाई हायस काय रं? मला कायदा मोडायला लावतोस व्हय?"

ज्या माणसानं जन्मात एक कायदा पाळला नाही, त्याला तो एकदाच आठवला आणि तो असा. सगळे हसले. मीही हसलो. नोकरीचाच भाग होता तो. कृष्णात खाली मान घालून गेला.

भाद्रपदात सरकारी तपासणी आली. ती अचानक असते, म्हणजे आम्हाला दोनच दिवस आधी कळायची. आंबे नव्हते, पण पाळण्यांत जुनी गोणपाटं भरली होती. ती काढून खोली सारवली. नागुबाईला नवं लुगडं नेसवून बंगल्यावरून आणलं. गल्लीतली दहा-अकरा पोरं बिस्किटाच्या आमिषानं गोळा केली. तरी एक पाळणा रिकामा दिसतो म्हणून मालक चिडला आणि त्याचं लक्ष काट्यामागं गेलं. "ती पोरगी घ्या की. तशी गोजिरी हाय."

रजिस्टरात नाव घालायचं तर आई कामावरची पाहिजे. मी लेखणी धरून बसलो. तानुबाई हातातली चाळण खाली ठेवून म्हणाली, "घाला माझ्या नावावर."

"वय काय लिहू तुझं?"

"लिवा की पस्तीस. तुमचं काय जातंय?"

खरंच काही जात नव्हतं. लिहिलं.

इन्स्पेक्टर बाई धारवाडकडची होती, तोडकंमोडकं मराठी बोलायची. ती खोलीत शिरली तोवर बिस्किटं संपली होती. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं आणि ती भुर्रकन गल्लीत पळाली. नागुबाई दारात हात पसरून उभी राहिली, तरी तिच्या काखेखालून शेवटचं निसटलं. मालकाच्या कपाळावर घाम आला. पाळण्यात एकच पोर उरलं. अक्काताई गाढ झोपली होती. कितीतरी दिवसांनी तिला धूळ नसलेली जागा मिळाली होती.

"हिची आई?"

तानुबाई पुढं आली. बाईनं तिचे पांढरे केस पाहिले, दात पाहिले, रजिस्टरातलं पस्तीस पाहिलं. मग काट्याशी मुठी आवळून उभ्या असलेल्या कृष्णातकडं पाहिलं. शेऱ्याच्या वहीत तिनं लिहिलं, की तानुबाईची मुलगी अक्काताई आणि आया नागुबाई यांना पाहिलं. आणि मालकाला म्हणाली, "मी कोणत्या पण दिवशी येते. हे मूल, ही आया, इथे पाहिजे. नसेल तर केस."

देवमाणूस स्वतःच्याच रजिस्टरात अडकला. दुसऱ्या दिवसापासून कुलूप निघालं. पोरीसाठी नागुबाईला वखारीत बसवावं लागलं, आणि बंगल्यावर नातवाला सांभाळायला कुणी नाही म्हणून तोही तिच्याबरोबर यायला लागला. मालकाचा नातू आणि कृष्णातची पोरगी एका ताटलीतले चुरमुरे खायला लागली. दसऱ्याला मष्णू आला तो तसाच मोकळ्या हातानं परत गेला. भावाकडं चहासुद्धा प्याला नाही.

खोली उघडी दिसल्यावर चाळणाऱ्या बायका धीट झाल्या. महिन्याभरात अकरा पोरं यायला लागली. खरी, शेंबडी, रडणारी. त्यांची नावं मात्र रजिस्टरात घालायला मालकानं मना केलं. पट भरलेला होता.

चौदा महिन्यांनी राजाबाई बरी होऊन घरी आली. अक्काताईनं तिला ओळखलंच नाही. चार दिवस बापाच्या धोतराआड लपली. पाचव्या रात्री आपण होऊन आईजवळ जाऊन झोपली. कृष्णातनं ते मला स्वतः सांगितलं, आणि सांगताना रडला. आठवडाभर त्यानं पोरीला वखारीत आणलं नाही. मालकाच्या लगेच ध्यानात आलं.

"पोरगी आईकडं गेली नव्हं? मग शेऱ्यातलं पोर संपलं. बाई आलीच तर सांगू, पोर गावाला न्हेलं. उद्यापास्नं कुलूप. नागुबाई बंगल्यावर."

हे मी कृष्णातला सांगितलं. का सांगितलं, कुणास ठाऊक.

"आन ती अकरा पोरं?"

"ती रजिस्टरात नाहीत."

"मग रजिस्टरात कोन हाय?"

"माझे मेहुणे," मी म्हणालो.

कृष्णात माझ्या पायाशी थुंकला. इतक्या वर्षांत त्याला चिडलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी कुलूप हातात घेऊन खोलीच्या दारात उभा होतो. राजाबाई आली. अजून अंगात जीव नव्हता, वाटेत दोनदा बसली असावी. पोरगी तिच्या मानेला घट्ट चिकटली होती, सोडेना. राजाबाईनं तिचे हात एकेक करून सोडवले आणि तिला नागुबाईकडं दिलं. पोरीनं हंबरडा फोडला.

"आता घरी आई आहे की," मी म्हणालो. "कशाला आणलीस?"

"चौदा म्हयनं माझी हितं ऱ्हायली, दिवाणजी. त्या बायकांच्याबी ऱ्हाऊ द्यात."

ती पदर तोंडात कोंबून फाटकापर्यंत गेली आणि फाटकाशी खाली बसली. मी कुलूप टेबलाच्या खणात टाकलं.

अक्काताई शाळेत जाईपर्यंत राजाबाईनं तिला रोज आणून सोडलं. इन्स्पेक्टर बाई परत कधीच आली नाही. तपासणीनंतर दोन महिन्यांतच तिची बदली झाल्याचं पत्र आलं होतं, ते मी मालकाला दाखवलं नाही. सबंध नोकरीत माझं शौर्य ते एवढंच, कागद दडवण्याचं.

रोज सकाळी राजाबाई रडणाऱ्या पोरीला घेऊन आमच्या दारावरून जायची. एकदा मी उंबऱ्यावर चहा पीत बसलो होतो. बायको मागं उभी होती, त्याच फळीला टेकून.

"बघा की," ती म्हणाली. "धडधाकट झाली, तरी पोर दुसऱ्याच्या गळ्यात घालून मोकळी. आई म्हनायची व्हय हिला?"

मला सगळं ठाऊक होतं. मी बशीत उरलेला चहा ओतला आणि फुंकून प्यालो.